चौकातला फ्लेमिंगो कुणाचा?

प्रति,
आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका
आयुक्त, पनवेल महानगरपालिका
व्यवस्थापकीय संचालक, सिडको

विषय : चौकांतल्या आणि रस्त्याकडेच्या भव्य शिल्पांची नोंद, निगा आणि जागा

महोदय,
सविनय नमस्कार.

हे पत्र तुम्हा तिघांना एकत्र लिहावं लागतंय, आणि त्याचं कारण विषयातच आहे. नवी मुंबईच्या चौकांत, दुभाजकांवर, उड्डाणपुलांच्या पायथ्याशी जी मोठाली शिल्पं उभी आहेत ती नक्की कुणाची, हे सामान्य माणसाला कळायला मार्ग नाही. नोड, म्हणजे शहराचे आखीव भाग, वसवले सिडकोने. रस्ते पुढे महापालिकांकडे हस्तांतरित झाले. सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, एमआयडीसीचा पट्टा पुन्हा वेगळा. शिल्प ज्या सुशोभीकरणाच्या कामातून उभं राहिलं त्या कामाचं शेवटचं बिल निघालं, फाईल बंद झाली, की त्याला पालक उरत नाही.

आधी कोणत्या शिल्पांबद्दल बोलते आहे ते सांगते. महापुरुषांच्या पुतळ्यांबद्दल हे पत्र नाही. त्यांच्यासाठी राज्य सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, कला संचालनालयाची मान्यता लागते, जयंती-पुण्यतिथीला चौथरा धुतला जातो, हार घातला जातो आणि कुठे तडा दिसला तर लोक लगेच जाब विचारतात. मी बोलते आहे ते पाम बीच मार्गावरच्या फ्लेमिंगोंबद्दल. टाकाऊ लोखंडातून घडवलेल्या प्राणी-पक्ष्यांबद्दल. खारघरच्या शिल्प चौकाबद्दल, उत्सव चौकातल्या खांबांबद्दल. आणि नोडानोडांत सर्कलच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या सगळ्या मासे, होड्या, पक्ष्यांबद्दल, ज्यांची जयंती नसते आणि ज्यांना हार घालायला कुणी येत नाही.

या आकृत्या म्हणजे नुसती शोभा आहे, असं कुणाला वाटेल. बाहेरच्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. पण आमच्या शहराची रचना आठवा. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनीवर एक अख्खं शहर आखलं गेलं आणि पत्त्यासाठी आम्हाला मिळाले नोड, सेक्टर आणि प्लॉट नंबर. सेक्टर १५ बेलापूरला आहे, वाशीला आहे, नेरुळला आहे, खारघरलाही आहे. इमारती एकाच काळात, एकाच घडणीच्या उभ्या राहिल्या. कोपऱ्यावर मेडिकल, शेजारी बँक, समोर उद्यान, हे दृश्य कुठल्याही नोडमध्ये सारखंच. वाशीत उतरलेल्या माणसाला डोळे मिटून घणसोलीत नेऊन सोडलं तर पाटी वाचेपर्यंत त्याला पत्ता लागणार नाही.

जुन्या गावाला खुणा आपोआप मिळतात. पार असतो, वेस असते, बारव असते, एखादा वड असतो. शेजारच्या ठाण्याकडे पाहा. तिथे जांभळी नाका आहे, कोर्ट नाका आहे, तीन हात नाका आहे, आणि नितीन कंपनी म्हटलं की बसचा वाहक पुढचा प्रश्न विचारत नाही. आमच्याकडच्या गावठाणांतही गावदेवीचं देऊळ आणि तळं आहेच. पण सेक्टरांत राहणाऱ्या लाखो लोकांना असं काही वारशात मिळालं नाही. त्यांनी समोर जे मोठं आणि वेगळं दिसलं त्याला खूण मानलं. ‘फ्लेमिंगोच्या पुढच्या सिग्नलला डावीकडे घ्या’ हे वाक्य आज पाम बीचवर कुणालाही कळतं. सिलिंडर आणणारा, गावाहून पहिल्यांदा आलेली आजी, रात्रीच्या पाळीहून परतणारा आणि नव्या नोडमध्ये घर बदललेला माणूस, कोणत्याही भाषेतली पाटी वाचता न येणारी मोलकरीण, या सगळ्यांना ही खूण सारखीच दिसते. नकाशाचं ॲप सेक्टर दाखवतं, पण रिक्षावाला ‘नक्की कुठे?’ म्हणून विचारतोच, आणि मग आपण शिल्पाचं नाव घेतो.

आमच्या नोडमध्ये एका सर्कलवर सिमेंटचा मोठा मासा होता. कुणी घडवला माहीत नाही. कलाकृती म्हणून फार बरा होता असंही म्हणणार नाही. खवले एकसारखे नव्हते आणि डोळा जरा जास्तच मोठा झाला होता. पण मुलांच्या शाळेची बस माशापाशी थांबायची, भाजीचा टेम्पो माशापाशी लागायचा, गणपतीत पाच-सहा सोसायट्यांच्या मिरवणुका माशाला वळसा घालून जायच्या. रस्त्याच्या एका कामात सर्कल काढलं गेलं आणि मासाही गेला. कुणी नेला, कुठे ठेवला, फोडला की गोदामात टाकला, हे आजवर मला समजलेलं नाही. चौकाला लोक अजून माशाचा चौक म्हणतात. नव्याने राहायला आलेली मंडळी विचारतात, मासा कुठाय?

मुंबईत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. १८७९ मध्ये उभारलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये फोर्टमधून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. पुतळा गेला, पण काळा घोडा हे नाव हललं नाही. वाहनतळ झाला, दुकानं बदलली, कलामहोत्सव सुरू झाला, आणि सगळं चाललं त्या नसलेल्या घोड्याच्या नावाने. शेवटी २०१७ मध्ये तिथे पुन्हा एक काळा घोडा बसवला गेला, या वेळी स्वाराशिवाय. राजा कुणालाच नको होता, तो परत आणला नाही हे उत्तम झालं. घोडा मात्र लोकांचा झाला होता. त्याला परत यायला बावन्न वर्षं लागली. आमच्या चौकांना तितका काळ थांबावं लागू नये म्हणून आत्ताच लिहिते आहे.

रस्त्याकडेच्या अशा अवाढव्य आकृत्या जपण्याचा जगात बऱ्यापैकी अनुभव आहे, आणि तो मोठ्या शहरांचा नसून लहान गावांचा आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात वावा नावाचं छोटं गाव आहे. १९६० मध्ये ट्रान्स-कॅनडा महामार्गाचा तिथला टप्पा पूर्ण होताना प्रवासी गावाला टाळून निघून जातील अशी भीती होती, म्हणून गावकऱ्यांनी रस्त्याकडेला प्रचंड रानहंस उभारला. तो प्लास्टरचा होता, तिथल्या हवेत टिकला नाही. १९६३ मध्ये त्यांनी अठ्ठावीस फुटांचा पोलादी हंस बसवला. तोही पन्नास-पंचावन्न वर्षांनी गंजला, तेव्हा २०१७ मध्ये नवा घडवला. तोच पक्षी, तीच जागा. पहिला हंस ढासळला तेव्हा ‘नको ही कटकट’ असं कुणी म्हटलं असतं तर आज त्या गावाजवळून जाणारी माणसं गाडी थांबवून फोटो काढत नसती.

ऑस्ट्रेलियात तर अशा वस्तूंची परंपराच आहे. कॉफ्स हार्बरचं १९६४ चं महाकाय केळं सगळ्यांत प्रसिद्ध. क्वीन्सलँडमधल्या १९७१ च्या महाकाय अननसाला २००९ मध्ये तिथल्या राज्याच्या अधिकृत वारसा यादीत जागा मिळाली, म्हणजे वयाची चाळिशी गाठण्याआधी. वारसा म्हणजे शे-दोनशे वर्षांचा दगड, ही आपली समजूत तपासून पाहायला हवी. नवी मुंबई महापालिकाच १ जानेवारी १९९२ ची. आमच्याकडे शंभर वर्षांचं शिल्प कुठून येणार?

पण तुमच्या अभियंत्यांना मला दाखवावंसं वाटतं ते ऑस्ट्रेलियातलंच गोलबर्न. तिथली महाकाय मेंढी पंधरा मीटर उंच, काँक्रीटची, १९८५ ची. गावाला वळसा घालणारा नवा महामार्ग झाला आणि मेंढीसमोरची वर्दळ आटली. तेव्हा २००७ मध्ये ती अख्खी उचलून, वाहनावर चढवून, महामार्गाच्या फाट्याजवळ नेऊन बसवली. म्हणजे रस्ता रुंद करायचा असेल तर शिल्प फोडावंच लागतं, हे खरं नाही. आणि अगदी अलीकडची गोष्ट अमेरिकेतल्या विल्मिंग्टनची. इलिनॉय राज्यातलं हे लहानसं गाव, जुन्या रूट ६६ वर. तिथल्या एका खाणावळीबाहेर साठच्या दशकापासून हातात रॉकेट धरलेला फायबरचा हिरवा अंतराळवीर उभा होता. २०२४ मध्ये तो लिलावात निघाला. कुणी खासगी संग्राहक घेऊन गेला असता तर गावाची खूण संपली असती. जवळच्या जोलिएटच्या इतिहास संग्रहालयाने पावणेतीन लाख डॉलर मोजून तो घेतला आणि त्याच वर्षाअखेरीस गावातल्याच सार्वजनिक बागेत उभा केला. एका फायबरच्या बाहुल्यासाठी! तिथल्या लोकांना त्यात काही विचित्र वाटलं नाही, आणि मलाही वाटत नाही.

आता आमच्या हवेबद्दल. हा भाग तुमच्या अभियांत्रिकी विभागाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण बहुतेक शिल्पं इथेच हरतात. खाडीकाठी हवा खारी. लोखंडी शिल्पाला सगळ्यांत आधी वेल्डिंगच्या जोडांवर गंज धरतो, कारण तिथे रंग नीट बसत नाही आणि पाणी थांबतं. टाकाऊ भागांपासून केलेल्या शिल्पात तर असे शेकडो जोड आणि शेकडो खाचा. नट-बोल्ट एका धातूचे आणि सांगाडा दुसऱ्या धातूचा असला की गंज आणखी झपाट्याने वाढतो. सिमेंटच्या आकृतीत खार झिरपून सळईपर्यंत पोचला की सळई फुगते आणि वरचा थर पोपडे सुटल्यासारखा गळतो. फायबरला गंज नाही, पण उन्हात त्याचा वरचा थर पांढुरका होतो, बोट लावलं तर भुकटी हाताला लागते, आणि आतला लोखंडी सांगाडा मात्र बाहेरून न दिसता गंजत राहतो. लाल-गुलाबी रंग उन्हाने लवकर उडतात, म्हणून आमचे फ्लेमिंगो दोन-तीन उन्हाळ्यांत बगळ्यासारखे दिसायला लागतात. खऱ्या फ्लेमिंगोला त्याचा गुलाबी रंग खाडीतल्या खाण्यातून, शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांतून मिळतो. शिल्पातल्या फ्लेमिंगोला तो रंगाऱ्यानेच द्यावा लागतो.

यावर उपाय अवघड नाहीत. पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर गोड्या पाण्याने धुणं. पाणी साचू नये म्हणून तळाला भोकं ठेवणं आणि ती मोकळी आहेत का ते पाहणं. जोड खरवडून प्रायमर मारणं, मग वरचा रंग. जिथे बोल्ट बदलायचे तिथे सांगाड्याच्या धातूशी जुळणारेच घालणं. नालेसफाईचं वेळापत्रक दरवर्षी ठरतं, त्यातच हेही बसू शकतं.

सुरक्षेचा मुद्दा मी टाळणार नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत पडला, आणि ती वेदना महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. वाऱ्यात उभी असलेली प्रत्येक उंच वस्तू तपासावी लागते, हे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो. फ्लेमिंगोची मान आणि एका पायावरचा तोल पाहता त्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट तर व्हायलाच हवं. एखादं शिल्प धोकादायक निघालं तर जरूर उतरवा. त्याची दुरुस्ती करा, नाहीतर तसंच नवं घडवा, पण रिकामा चौथरा सोडू नका. सिग्नलवर समोरून येणारी गाडी दिसत नसेल तर दहा फूट मागे घ्या. गोलबर्नने अख्खी मेंढी हलवली.

नियमांची अडचण पुढे केली जाईल, याचाही विचार केला आहे. सार्वजनिक रस्ते आणि पदपथांवर यापुढे पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये दिला, आणि तो योग्यच आहे. पण रस्त्यांच्या सुशोभीकरणाच्या कामांना तो आदेश लागू नाही, हेही त्यातच म्हटलं आहे. शिवाय मी नवं काही उभारा असं म्हणतच नाही. उलट, जी आहेत त्यांची निगा लागल्याशिवाय नवं एकही शिल्प उभारू नये असंच माझं म्हणणं आहे. स्वच्छ सर्वेक्षणाच्या दिवसांत उभं राहिलेलं शिल्प सर्वेक्षण संपल्यावरही स्वच्छ दिसायला हवं.

एक गोष्ट मात्र मनापासून खुपते ती सांगते. पक्ष्यांच्या मानेला बॅनर बांधतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा, उत्सवाच्या कमानी, क्लासच्या जाहिराती. सुतळी आणि तार रंगात रुतते, तिथून पत्रा उघडा पडतो आणि गंज सुरू होतो. बॅनर निघतो, तार तशीच राहते. कारवाई करायला नवा नियम लागत नाही; शहर विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा आहेच.

आणि खऱ्या पक्ष्यांबद्दल दोन ओळी, कारण त्यांना वगळून शिल्पांबद्दल बोलणं मला जमणार नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावाचा खाडीशी येणारा-जाणारा प्रवाह अडल्यावर तिथे फ्लेमिंगो मेले, आणि त्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली. त्यांत शाळकरी मुलंही होती. ज्या शहराने हा पक्षी चौकाचौकांत उभा केला, त्या शहरातल्या मुलांना तो आपला वाटणारच. तलावात भरतीचं पाणी येऊ द्या आणि चौकातल्या पक्ष्याला रंग द्या. मला ही दोन वेगळी कामं वाटत नाहीत.

आता मागणी. तुम्हा तिघांची मिळून एक नोंदवही असावी. प्रत्येक शिल्पाचं छायाचित्र, जागा, साहित्य, उभारल्याचं वर्ष, घडवणाऱ्या कलाकाराचं नाव, आणि आज त्याची जबाबदारी कोणत्या कार्यालयाकडे आहे ते. कलाकाराचं नाव चौथऱ्यावरही कोरा. आज चौथऱ्यावर उद्घाटकांची नावं वाचायला मिळतात, घडवणाऱ्याचं क्वचितच. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या आणि एमआयडीसीच्या हद्दीतली शिल्पं त्या वहीत यावीत यासाठी त्यांच्याशी पत्रव्यवहार तुम्हीच करावा, कारण नागरिकाने चार दारं ठोठावायची आणि प्रत्येक ठिकाणी ‘हे आमच्याकडे येत नाही’ ऐकायचं, यात काही निष्पन्न होत नाही.

रस्ता, उड्डाणपूल, गटार किंवा मेट्रोच्या कोणत्याही कामाच्या निविदेत अट असावी की मध्ये येणारं शिल्प ठेकेदाराने सुखरूप उतरवायचं, पावती घेऊन महापालिकेच्या ताब्यात द्यायचं आणि काम संपताच त्याच चौकात, किंवा चौकच उरला नसेल तर त्याच्या सर्वांत जवळच्या मोकळ्या जागी, बसवायचं. तोवर अंतिम बिल काढू नये. शिल्प हलवण्याआधी विभाग कार्यालयात आणि चौकात तशी सूचना लावावी. एनएमएमटीच्या ज्या थांब्यांना लोक शिल्पाच्या नावाने ओळखतात, त्या थांब्यांच्या पाटीवर सेक्टरच्या खाली ते नावही लिहावं.

घाई का, तर विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि आता त्याकडे जाणारे रस्ते, जोडरस्ते, पूल यांची कामं आमच्या नोडांतून जाणार आहेत. ती व्हायलाच हवीत. या कामांच्या निविदा निघण्याआधी ही अट त्यांत आली तर एक ओळ वाढवावी लागेल. नंतर आली तर आणखी काही मासे गेलेले असतील.

नोंदवहीच्या कामाला माणसं कमी पडतील असं वाटत असेल तर आमच्या सोसायट्यांतले निवृत्त लोक, कॉलेजची मुलं, छायाचित्रणाचा नाद असलेले तरुण एका रविवारी एक प्रभाग याप्रमाणे फिरायला तयार होतील. त्यांना गोळा करण्याची जबाबदारी मी घेते. तुमच्याकडून हवा आहे तो नोंदीचा एक नमुना, तिन्ही कार्यालयांतला प्रत्येकी एक संपर्क अधिकारी, आणि पावसाळ्याआधी एका बैठकीची तारीख.

आपली विश्वासू,
नेरुळची एक रहिवासी